"थोडा पावसाळी, पण उदास नको": परफ्यूम नक्की बनतो कसा?

माझ्या भाच्याला सध्या परफ्यूमचा नाद लागलाय. मागच्या महिन्यात घरी आला, चप्पल काढायच्या आधीच मनगट माझ्या नाकाखाली धरलं आणि म्हणाला, "मामा, ओळख." मी म्हटलं, "अगरबत्ती?" पोराचा चेहराच पडला. पाचशे नव्व्याण्णवची बाटली होती, कुठल्यातरी दहा-बारा हजारांच्या फ्रेंच परफ्यूमवरून 'इन्स्पायर्ड', आणि रीलवाल्याने छातीठोकपणे सांगितलेलं की सेम टू सेम आहे, आठ तास टिकतो, लोक वळून बघतात वगैरे. मग टॉप नोट बर्गमॉट, हार्ट नोट लव्हेंडर, बेसला अंबर असं सगळं त्याने धडाधड म्हणून दाखवलं, तोंडी परीक्षेला पाढे म्हणतात तसं.

मी एवढंच विचारलं की ओरिजिनल बनवला कुणी? "ब्रँडने." ब्रँडमधल्या कुणी? आणि असाच बनव म्हणून त्याला सांगितलं कुणी? इथे गाडी अडली. खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी हौसेपोटी मुंबईत एका दोन दिवसांच्या वर्कशॉपला जाईपर्यंत माझीही इथेच अडायची. माझ्या डोक्यात चित्र होतं की फ्रान्समधे कुणीतरी कलाकार फुलांच्या शेतात डोळे मिटून उभा राहतो आणि त्याला वास सुचतो. प्रत्यक्षात सुरुवात एका एसी मीटिंग रूममधे, पीपीटीने होते.

बाटलीवर नाव एकाचं, आतला माल दुसऱ्याचा

पहिला धक्का हाच. ज्या फॅशन ब्रँडचं नाव बाटलीवर असतं त्यातल्या बहुतेकांकडे वास बनवणारी स्वतःची माणसंच नसतात, ते काम बाहेर देतात. जगात या धंद्यात चार मोठ्या कंपन्या आहेत, स्वित्झर्लंडची जिवोदां, न्यूयॉर्कची आयएफएफ, जर्मनीची सिमराइज आणि डीएसएम-फर्मेनिश, जी जिनिव्हातली जुनी फर्मेनिश 2023 मधे डच डीएसएममधे विलीन होऊन झाली. सामान्य माणसाला यातलं एकही नाव माहीत नसतं, पण सकाळच्या टूथपेस्टच्या चवीपासून रात्रीच्या फॅब्रिक सॉफ्टनरपर्यंत आपण दिवसभर यांच्यासारख्यांचाच माल तोंडात आणि अंगावर घेऊन फिरत असतो. महागडा परफ्यूम बनवणारा माणूस आणि भांडी घासायच्या लिक्विडला लिंबाचा वास देणारा माणूस एकाच मजल्यावर बसत असू शकतात.

आपल्याकडेही हे आहेच. मुलुंडची एस. एच. केळकर आणि कंपनी 1922 पासून हेच करतेय, साबण, अगरबत्ती, डिटर्जंट यांना वास पुरवणं, आणि 2015 पासून शेअर बाजारातही आहे. मुलुंडच्याच वझे कॉलेजात परफ्यूमरी आणि कॉस्मेटिक्सचा डिप्लोमा चालतो. म्हणजे पॅरिसला न जाताही या धंद्याचा वास घेता येतो.

अपवाद आहेत. शनेल, हर्मेस, गेर्लां यांच्याकडे पगारी परफ्यूमर असतो. परफ्यूमर म्हणजे वासाचा फॉर्म्युला लिहिणारा माणूस, फ्रेंचमधे त्याला सरळ 'नाक' म्हणतात. बाकीचे ब्रँड मात्र वरच्या जिवोदां, आयएफएफसारख्या कंपन्यांच्या दारात जातात, आणि जाताना हातात एक कागद नेतात, त्याला म्हणायचं ब्रीफ.

ब्रीफ: लग्नाच्या आचाऱ्याला सांगतात तसं

लग्नघरी आचाऱ्याला ऑर्डर देताना ऐकलंय का कधी? "झणझणीत पाहिजे पण म्हाताऱ्यांना चाललं पाहिजे. थोडं काहीतरी वेगळं करा, पण वऱ्हाडी मंडळी नाक मुरडतील असं नको. आणि ताटाचा रेट एवढाच." परफ्यूमचा ब्रीफ हाच प्रकार, फक्त ग्लॉसी कागदावर. त्यात एक गोष्ट असते, काही फोटो, एखाद्या शहराचा मूड, परफ्यूमचं नाव ठरलं असेल तर नाव, बाटलीचं चित्र, हा कोण विकत घेणार (वय, बाई की बुवा, कुठला देश), बाजारात कुठल्या परफ्यूमला टक्कर द्यायची, तारीख, आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका किलो कॉन्सन्ट्रेटला किती पैसे द्यायला तयार आहोत ते. कॉन्सन्ट्रेट म्हणजे अल्कोहोल घालायच्या आधीचं निव्वळ सुगंधी तेल. त्या किलोच्या रेटवरच ठरतं की आत खरा गुलाब पडणार की गुलाबाची आठवण.

काही ब्रीफ खरंच भन्नाट असतात. 1992 साली थिएरी मुग्लर या फॅशन डिझायनरला लहानपणीच्या जत्रेचा वास हवा होता, म्हातारीचे केस, चॉकलेट, कॅरॅमल. ओलिव्हिए क्रेस्प नावाच्या परफ्यूमरने त्यासाठी इथाइल माल्टॉल हा जळक्या साखरेसारखा वास असलेला पदार्थ घेतला आणि तो नुसता मिठाईचं दुकान होऊ नये म्हणून त्याच्या बोकांडी भरपूर पॅचौली बसवली, मातकट, ओलसर, जुन्या लाकडासारखी. तो 'एंजल'. आज मॉलमधे जो गोडगोड वासांचा महापूर आहे त्याचा उगम बराचसा इथे. 2000 मधे केन्झो ब्रँडने खसखशीचं लाल फूल निवडलं, आता गंमत अशी की त्या फुलाला वासच नसतो, म्हणजे ब्रीफ काय तर नसलेला वास बनवून दाखवा! अल्बेर्तो मोरियास यांनी तो दाखवला आणि अजून विकला जातोय.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट कैरीची आहे. हर्मेसला नाईल नदीकाठच्या बागेवर परफ्यूम हवा होता. त्यांचा परफ्यूमर ज्याँ-क्लोद एलेना इजिप्तमधे अस्वानला गेला, जाताना डोक्यात जाई, केशर असले नेहमीचेच वास घेऊन, आणि तिथे त्याला झाडाला लटकलेल्या कैऱ्या दिसल्या. तोडल्या, हुंगल्या, झालं, विषय मिळाला. 2005 मधे आलेल्या त्या 'जार्दां स्यूर ल नील'मधे कैरी आहे, आणि आपल्याकडची पोरं मार्चमधे दगड मारून जे फुकट पाडतात ते तिकडे बाटलीत भरून विकतात हे बघून मला थोडा रागही आला होता. यांनीच 2008 मधे केरळच्या पावसाळ्यावरही एक काढला, आलं, वेलची, मिरी, वाळा असा. आपल्याला हे घरचंच वाटतं, पण पॅरिसच्या माणसाला ती परीकथा असते.

मग काम मिळतं कुणाला?

टेंडर. अगदी रस्त्याच्या कामासारखंच. ब्रँड दोन-चार कंपन्यांना एकच ब्रीफ देतो, प्रत्येक कंपनीतले एक किंवा अनेक परफ्यूमर आपापले नमुने काढतात, फेऱ्यांमागून फेऱ्या होतात, आणि शेवटी एकजण जिंकतो. हरलेल्यांना काय मिळतं? साधारणपणे काहीच नाही. महिनोन् महिने केलेलं काम, शेकडो नमुने, सगळं फुकट, कारण कंपनी कमावते ती फॉर्म्युला विकून नाही, तर जिंकल्यावर ते तेल किलोच्या भावाने पुरवून. फॉर्म्युला शक्यतो तिच्याच तिजोरीत राहतो, ब्रँडलासुद्धा तो पूर्ण माहीत नसतो! लोणचंवाल्या काकू लोणचं विकतात, रेसिपी नाही, तसंच.

ब्रँडचा मार्केटिंगवाला आणि परफ्यूमर यांच्यामधे आणखी एक व्यक्ती असते, इव्हॅल्युएटर. हिचं काम दोन्ही भाषा समजून घेणं. मार्केटिंगवाला म्हणतो, "हा थोडा पावसाळी पाहिजे, पण उदास नको." परफ्यूमरला पावसाळी म्हणजे काय कळत नाही, कारण ओली माती, छत्रीचं रबर, गवती चहा, की लोकलमधली घामट गर्दी? इव्हॅल्युएटर सांगते की यांना पहिल्या पाच मिनिटांतला पाऊस हवाय, तिसऱ्या दिवसाचा नको. हे सोपं नाही. वासाला धड शब्दच नसतात, आपण बहुतेक वेळा वस्तूचं नाव घेऊन भागवतो, लिंबासारखा, गुलाबासारखा. तरी मराठी या बाबतीत श्रीमंत आहे असं माझं मत. कुबट, खमंग, उग्र, खवट, करपट, ओशट, घमघमाट, दरवळ. 'कुबट' हा एक शब्द ऐकला की बंद खोली, ओली गादी, सगळं नाकासमोर येतं. यातला एकेक शब्द मार्केटिंगवाल्याला शिकवला तर बऱ्याच मीटिंगा वाचतील.

कागद आधी, वास नंतर

आता परफ्यूमर काय करतो? बाटल्या हलवत बसतो असं वाटतं ना? तो लिहितो. कॉम्प्युटरवर यादी टाइप करतो, अमुक पदार्थ हजारात 120 भाग, तमुक 40, ढमुक 2. वास त्याच्या डोक्यात असतो, जसा मुरलेला संगीतकार पेटी न घेता चाल लिहितो. यासाठी हजारेक कच्चे पदार्थ नुसते पाठ करायला काही वर्षं जातात. ती यादी लॅबमधे जाते, तिथे असिस्टंट किंवा मशीन वजन करून मिसळतं, मग कागदाच्या पट्टीवर थेंब घेऊन सगळे हुंगतात. यादीत वीस नावंही असू शकतात आणि दीडशेही. तो कैरीवाला एलेना जेमतेम दोनशे पदार्थांत आयुष्याचं काम भागवतो असं सांगतात. आणि 2006 मधे गेझा शोन या जर्मन परफ्यूमरने तर कहर केला, एकच कृत्रिम पदार्थ अल्कोहोलमधे घालून 'मॉलिक्यूल 01' म्हणून विकायला काढला, लोक रांगा लावून घेतात.

एकत्र आल्यावर काय होतं हे समजायला गोडा मसाला आठवा. खोबरं, तीळ, धणे, दगडफूल, नागकेशर, एकेक डबा उघडून हुंगला तर यातलं काहीच गोड्या मसाल्यासारखं लागत नाही, पण भाजून कुटून एकत्र केलं की तिसराच एक वास तयार होतो आणि आत कुठला मसाला किती आहे ते वेगळं काढता येत नाही. परफ्यूमवाले अशा जुळलेल्या गटाला अकॉर्ड म्हणतात. कैरीचं अत्तर निघत नाही, त्यामुळे एलेनाची कैरी म्हणजे असा अकॉर्डच होता, त्यात कैरी औषधालाही नव्हती.

आणि त्या टॉप, हार्ट, बेस नोटा म्हणजे शाळेतलं बाष्पीभवन, दुसरं काही नाही. हलके रेणू लवकर उडतात, जड रेणू हळू. घरी पाहुणे येतात तसं समजा. लिंबू-संत्र्यासारखे वास म्हणजे दारातूनच मोठ्याने बोलत येणारे आणि चहाही न घेता दहा मिनिटांत पळणारे. फुलं आणि मसाले म्हणजे जेवायला थांबणारे. आणि चंदन, वाळा, कस्तुरीछाप पदार्थ म्हणजे मुक्कामाला आलेले, दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायला टाकताना जे भेटतात ते. आपण दुकानात पट्टी हुंगून दोन मिनिटांत निर्णय घेतो, म्हणजे फक्त दारातल्या पाहुण्याला बघून अख्ख्या खानदानाशी सोयरीक जुळवतो.

माझा स्वतःचा पराक्रम

वर्कशॉपमधे शिकवणाऱ्या मॅडमचं आयुष्य साबणाच्या वासांत गेलेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना एकच ब्रीफ दिला: "आजीचं कपाट. तिशीतल्या बाईने ऑफिसला लावता आलं पाहिजे. खरं चंदन परवडत नाही असं समजा." एवढंच. समोर चौदा बाटल्या आणि एक काटा, जो ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो आणि तुम्ही जोरात श्वास सोडला तरी आकडा हलवतो.

मी मनातल्या मनात आजीचं कपाट उघडलं. तळाशी वाळा. चंदनाच्या जागी एक कृत्रिम पदार्थ, दुधाळसर. सुकलेल्या गवतासारखा गोड वास येतो तो कुमारीन. पावडरीच्या वासासाठी आयोनोन नावाचा पदार्थ. आणि साड्यांतल्या जुन्या मोगऱ्याच्या वळेसरासाठी इंडोल. हे इंडोल अजब प्रकरण आहे. मोगऱ्यात, जाईत ते निसर्गतःच असतं, अगदी थोडं असेल तर फूल जिवंत वाटतं, आणि एकटं हुंगलं तर सरळ डांबराच्या गोळ्या. मॅडमनी दहा टक्क्यांचं पातळ करून दिलं होतं आणि बजावलं होतं, तीन थेंब. माझा हात सटकला. किती पडले मोजले नाहीत, पण काट्यावरचा आकडा बघून शेजारच्या मुलीने "अर्रर्र" केलं.

आमटीत मीठ जास्त झालं तर बटाटा टाकून बघता येतं. इथे बटाटा नाही. पडलेला थेंब परत काढता येत नाही, उपाय एकच, बाकी सगळं त्या प्रमाणात वाढवायचं, म्हणजे दहा ग्रॅमच्या जागी चाळीस ग्रॅम बनवायचं आणि तेवढा माल आम्हाला दिलेलाच नव्हता. मॅडमनी पट्टी हुंगली, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "कपाट आलंय. आजी नाही आली." इतका नेमका शेरा मला दहावीच्या निबंधावरसुद्धा मिळाला नव्हता.

प्रत्यक्ष धंद्यात हेच होतं, फक्त अनेकदा. प्रत्येक बदललेल्या नमुन्याला मॉड म्हणतात. मॉड 1, मॉड 2, करत आकडा शंभरावर जाणं काही विशेष नाही. "आजी थोडी कमी करा", "मोगरा आवडला पण आमच्या टीमला तो लग्नातला वाटतोय". 1921 मधे अर्नेस्ट बो या परफ्यूमरने फॅशन डिझायनर कोको शनेलसमोर दोन मालिकांत नमुने मांडले होते, एक ते पाच आणि वीस ते चोवीस, तिने पाचवा उचलला आणि नावही तेच ठेवलं, 'शनेल नंबर फाइव्ह', असं सांगतात. तिथे एका बाईच्या पसंतीवर काम भागलं, आज तो नमुना ग्राहकांच्या पॅनेलपुढे जातो, चार देशांत, मार्क पाडले जातात, आणि सगळ्यांना थोडाथोडा आवडेल असा वास निवडला जातो. हल्लीचे बरेच परफ्यूम एकसारखे का लागतात याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

"पण केमिकल आहे म्हणजे नकलीच ना?"

हा प्रश्न दरवेळी येतो, विशेषतः ज्यांना 'नॅचरल' शब्द दिसला की बरं वाटतं त्यांच्याकडून. आधुनिक परफ्यूम सुरूच झाला केमिकलमुळे. ते वर म्हटलेलं कुमारीन विल्यम पर्किन या केमिस्टने 1868 मधे प्रयोगशाळेत बनवलं, आणि 1882 मधे उबिगां या कंपनीच्या 'फुजेर रोयाल'मधे ते वापरलं गेलं, तेव्हापासून परफ्यूमर फुलांची नक्कल सोडून कल्पनेतले वास बनवायला लागला. रंगवाल्याला अचानक नवे रंग मिळावेत तसं.

शिवाय हिशेब बघा. एक किलो गुलाबतेलाला तीन ते पाच टन पाकळ्या लागतात. कैरीसारख्या, पेरूसारख्या कितीतरी गोष्टींचं तेल निघतच नाही. मग शास्त्रज्ञ काय करतात, जिवंत फुलाभोवती काचेची घुमटी बसवतात, आतली हवा ओढून घेतात आणि मशीनवर बघतात की त्यात कुठकुठले रेणू आहेत. याला हेडस्पेस म्हणतात. यात मोठं काम केलेल्यांपैकी एक आयएफएफमधले ब्रज मुखर्जी, मूळचे भारतातले. त्यांच्या टीमने 1998 मधे डिस्कव्हरी यानातून चक्क एक गुलाबाचं रोप अंतराळात पाठवलं, तिथल्या वजनरहित अवस्थेत फुलाचा वास बदलला, तो त्यांनी टिपून आणला आणि पुढे एका जपानी परफ्यूममधे वापरला.

याचा अर्थ नैसर्गिक कमअस्सल असाही नाही. उत्तर प्रदेशातल्या कनौजला मातीचं अत्तर अजून काढतात, भाजलेली माती तांब्याच्या डेगीत पाण्याबरोबर उकळायची आणि ती वाफ चंदनाच्या तेलात उतरवायची. 1964 मधे ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रीकोर' हे नाव दिलं, तेव्हा त्यांनी लेखात या मातीच्या अत्तराचा उल्लेख केला होता. आणि जोतिबाला चैत्रात वाहतात तो आपला दवणा, त्याचं तेल परदेशी परफ्यूममधे जातं. चांगला परफ्यूमर दोन्ही वापरतो. ताजमहाल संगमरवराचा म्हणून चांगला नाही आणि सिमेंटचं घर वाईट नाही, बांधणारा कोण ते बघायचं.

"माझा जुना परफ्यूम आता पहिल्यासारखा येत नाही"

भास नाही, बऱ्याचदा खरंच बदललेला असतो. 1973 पासून इफ्रा नावाची उद्योगाचीच एक संस्था कुठला पदार्थ किती वापरायचा याचे नियम काढते, शिवाय युरोपियन युनियनचे कायदे वेगळे. दोन्ही मुख्यतः ॲलर्जी आणि आरोग्यासाठी. ओकमॉस नावाचा एक पदार्थ आहे, ओकच्या झाडावर वाढणारा, आपल्या दगडफुलाचाच चुलतभाऊ म्हणा, दोन्ही लायकेन म्हणजे शैवाल आणि बुरशीचा संसार. जुन्या फ्रेंच परफ्यूमचा पाया त्यावर उभा होता, आणि त्याने काहींच्या कातडीला त्रास होतो म्हणून त्यावर कडक मर्यादा आल्या. 1919 चा गेर्लांचा 'मित्सुको' त्यामुळे परत जुळवावा लागला. लिलियाल हा पांढऱ्या नाजूक फुलांसारख्या वासाचा पदार्थ 1 मार्च 2022 पासून युरोपात बंदच झाला, आणि तो असंख्य शांपू-क्रीममधे होता. प्रत्येक वेळी फॉर्म्युला उघडा, ती वीट काढा, तिच्या जागी दुसरी बसवा, आणि भिंत तशीच दिसली पाहिजे. दगडफूल काढून तसाच गोडा मसाला करून दाखवा म्हणजे कळेल.

जिंकलेल्या वासाचीही सुटका नसते. तो ओव्हनमधे चाळीसेक अंशाला आठवडेच्या आठवडे ठेवतात, उजेडात ठेवतात, कारण व्हॅनिला जास्त असेल तर पाणी चहासारखं तपकिरी होतं आणि मार्केटिंगने तर फिकट गुलाबी बाटली ठरवलेली असते. मग अल्कोहोलमधे मिसळायचं, ओ द तॉलेत असेल तर साधारण पाच ते पंधरा टक्के तेल, ओ द परफ्यूम असेल तर पंधरा ते वीस, आणि काही आठवडे मुरू द्यायचं. लोणचं आणि परफ्यूम, दोघांनाही घाई चालत नाही. नंतर थंड करून गाळलं की बाटलीत.

"मग पाचशेवाल्यात वाईट काय?"

भाच्याचा मुद्दा, आणि तो सोडून देण्यासारखा नाही. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या मशीनमधे कुठलाही परफ्यूम टाकला की आतले बरेचसे रेणू आणि त्यांचं प्रमाण कागदावर येतं. म्हणजे चार महिने, दोनशे मॉड, इव्हॅल्युएटरची डोकेफोड, हे सगळं कुणीतरी केलेलं असतं आणि दुसरा फक्त उत्तरपत्रिका बघतो. कायदा काय म्हणतो? 2006 च्या जून महिन्यात, तीन दिवसांच्या अंतराने, फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वासाला कॉपीराइट नाही, आणि नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असू शकतो. ज्या देशाने जगाला परफ्यूम शिकवला तिथेच परफ्यूमर कलाकार नाही, कारागीर! म्हणून कंपन्या फॉर्म्युल्याचं पेटंट घेत बसत नाहीत, गुपित ठेवतात.

नक्कल चुकते कुठे, तर नैसर्गिक तेलात शेकडो बारीकसारीक घटक असतात, मशीनला ते सगळे नीट वेगळे करता येत नाहीत, आणि काही कृत्रिम पदार्थ मोठ्या कंपन्या फक्त स्वतःसाठीच राखून ठेवतात, बाहेर विकत नाहीत. शिवाय किलोचा रेट कमी, मग मुक्कामाचे पाहुणे स्वस्तातले. पहिली दहा मिनिटं सेम वाटतं ते त्यामुळे, दारातले पाहुणे दोन्हीकडे तेच असतात.

पण दहा हजारांतलेही दहा हजार काही आतल्या पाण्याला नसतात. कॉन्सन्ट्रेटचा खर्च त्यात अगदी छोटा असतो, बाकी बाटली, खोका, जाहिरातीतला नट, मॉलचं भाडं, कर. त्यामुळे पाचशेवाला घेणाऱ्याला मी शहाणपणा शिकवणार नाही, फक्त मनगटावर मारून दोन तास फिरून ये आणि मग पैसे दे, एवढंच भाच्याला सांगितलं.

"टिकत नाही" ही तक्रार मात्र जपून करावी. आपलं नाक त्याच वासाला काही मिनिटांत सरावतं, शेजारच्याला येत असतो. आणि कस्तुरीसारख्या कृत्रिम पदार्थांतले काही, काही माणसांच्या नाकाला जन्मतःच कळत नाहीत. दोघं एकच परफ्यूम हुंगतात, एक म्हणतो जबरदस्त, दुसऱ्याला निम्मा येतच नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

माझी ती वर्कशॉपची बाटली मी टाकून नाही दिली, लोखंडी कपाटात मागे सारून विसरलो. यंदा गणपतीच्या आधी आई आवराआवर करत होती, तिने दार उघडलं आणि तिथूनच ओरडली, "डांबराच्या गोळ्या कधी आणल्यास रे?" मी म्हटलं, नाही आणल्या. तिने दोन साड्या बाजूला करून बघितलं, काही सापडलं नाही, तरी दार धरून थोडी उभी राहिली. म्हणाली, "माझ्या आईचं कपाट असंच यायचं."

ऑफिसला लावायचं अजून जमलेलं नाही.